खुणेभोवती गोल नव्हता

मंगळवारी दुपारी मी नातीला डबा द्यायला मारुंजीला गेले. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं. काम एवढंच होतं. भुताखेतांशी माझा काही संबंध नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि त्या मी नुसत्या टांगल्या नाहीत, पाळल्यात. अंगात आलेल्या बाया मी दारातून हाकलल्यात. म्हणूनच पुढचं सांगताना माझा मलाच राग येतो. पण झालं ते झालं, आणि ते गिळून गप्प बसणारी प्रभावती नाही.

श्रद्धा ही माझ्या थोरल्याची मुलगी. हिंजवडीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि मारुंजीत चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहते. खेळ लोकांसमोर जायच्या आधी तो खेळून बघायचा आणि कुठं अडतो ते लिहायचं, हे तिचं काम. सध्याचा खेळ असा, की एक मुलगी बंद पडलेल्या कारखान्यात आपल्या हरवलेल्या बापाला शोधते. प्रत्येक दाराला कुलूप. कुलपाची चावी कुठं आहे ते गुप्त लिपीतल्या चिठ्ठीत. चिठ्ठी सोडवा, पुढं जा.

त्या चिठ्ठ्या सोडवायला ती मला बसवते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. कारखान्यात सुटे भाग गुंडाळून यायचे त्या जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं शिकले, जेवणाच्या सुट्टीत, एकटीनं. शिकलेली माणसं चिठ्ठी लगेच वाचायला जातात. मी आधी तिच्याकडे नुसती बघत बसते. कुठली खूण सारखी येते, कुठली एकटीच आहे, कुठली कुणाच्या शेजारी बसते. एका चिठ्ठीत ‘फाती’ असं लिहिलं होतं. श्रद्धाच्या ऑफिसातला इंजिनिअर तिथं अर्धा तास अडकला म्हणे. मी शेंगा सोलता सोलता सांगितलं, "एकेक अक्षर मागं घे. फ-च्या मागं प, त-च्या मागं ण. पाणी. टाकीत बघ जा." टाकीत चावी होती.

"आजी, तुला आमच्या साहेबांच्या खुर्चीत बसवते," श्रद्धा म्हणाली.

"खुर्ची राहू दे. त्यांना म्हणावं, कोडी जरा अवघड घाला. म्हातारी कंटाळते."

त्या मंगळवारी खेळातली मुलगी एका लांब शेडमध्ये शिरली. दोन्ही बाजूंना पॉवर प्रेस उभे. पत्रा दाबून भाग काढणारी ती उंच यंत्रं, मधे डाय म्हणजे साचा, खाली पायडल. चौथ्या प्रेसच्या बगलेच्या पत्र्यावर खडूच्या खुणा होत्या. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"थांब. मागं घे. तिथं."

"ते कोडं नाही गं आजी, नुसतं चित्र आहे. आमच्या टीमनं चाकणच्या कुठल्यातरी खऱ्या वर्कशॉपचे फोटो आणून चिकटवलेत."

"चित्र नाही ते. चार टिंबं, म्हणजे चौथा प्रेस. एकाखाली एक दोन आडव्या रेघा, म्हणजे हा प्रेस डबल मारतो, पायडल एकदा दाबलं तरी दोनदा खाली येतो. पंजा आणि त्यावर फुली, म्हणजे हात घालू नको. आणि ती तीन पायऱ्यांची शिडी, ती सही आहे. इंदूची."

"कोण इंदू?"

सांगते. चाकणच्या त्याच शेडमध्ये मी अकरा वर्षं प्रेसवर होते. सगळ्या बाया ठेकेदाराच्या. नोंदवही होती, पण ती सुपरवायझरच्या हातात, इंग्रजीत, आणि तीत एकच शब्द असायचा: ओके. प्रेस लंगडा असो, डाय ढिला असो, ओके. बायांनी बोलायचं तर बारा यंत्रांच्या आवाजात कोण ऐकतंय, आणि पाळी बदलताना बोलत उभं राहिलं की हजेरी कापायचे. म्हणून मी आणि इंदूनं ह्या खुणा काढल्या. सुटणारी बाई खडूनं पुढचीसाठी खूण करून ठेवायची. येणारी बाई खूण बघायची आणि तिच्याभोवती गोल काढायची. गोल म्हणजे ‘वाचलं, आता तू जा’. गोल पडल्याशिवाय सुटणारीनं जागा सोडायची नाही, हा आमचा नियम. हा नियम कुठल्या साहेबानं केला नव्हता, म्हणून तो पाळला जायचा.

एकवीस वर्षांपूर्वी एका दुपारी कंपनीची बस मला न घेताच पुढं गेली. मी मिळेल त्या टेम्पोनं आले, वीस मिनिटं उशिरा. इंदूनं चौथ्यावर खूण केलेली. कस्टमरची माणसं शेड बघायला येणार म्हणून सुपरवायझरनं घासलेटच्या बोळ्यानं सगळ्या खुणा पुसून घेतल्या, आणि बदली बाई येईपर्यंत तूच चालव म्हणून तिला परत पायडलवर बसवलं. तिला माहीत होतं प्रेस डबल मारतो. तरी किती वेळ जपणार? वीस मिनिटं जपलं तिनं. मी गेटमधून आत येत होते तेव्हा आवाज बंद झाला होता.

तिचा हात डायमध्ये गेला होता. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. कंपनीनं सांगितलं, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. ठेकेदारानं सांगितलं, ती कुणालातरी भेटायला आली होती.

हे सगळं मी श्रद्धाला सांगत होते आणि तिनं लॅपटॉपवर मूळ फोटो शोधून काढला. चौथा प्रेस, बगलेचा पत्रा. स्वच्छ राखाडी रंग. एक रेघ नाही.

"आजी... इथं तर काहीच नाही."

"मग खेळात कुठनं आलं?"

तिनं खेळातली ती शेड बंद केली आणि परत उघडली. खुणा होत्या. शिवाय आता एक जास्त होती. अर्धा सूर्य, खाली झुकलेला. आमच्यात तो दुसऱ्या पाळीचा. तीन वाजताची पाळी.

बाहेर लख्ख ऊन. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. आणि खोलीत वास यायला लागला. जळक्या ऑईलचा, गरम लोखंडाचा, आणि त्यात मिसळलेला घामट चिंध्यांचा तो वास. अकरा वर्षं माझ्या लुगड्याला होता, मी चुकणार नाही. श्रद्धानं पदरानं नाक दाबावं तशी ओढणी नाकाला लावली.

"लॅपटॉप तापला असेल..." ती म्हणाली.

"आवाज बंद कर त्याचा."

"बंदच आहे आजी. मघापासून..."

धप्प.

पाण्याच्या ग्लासात गोल लाट उठली. मग थोडं थांबून, धप्प. मग लगेच लागून दोन. धप्प-धप्प. जमिनीतून नव्हे, खिडकीतून नव्हे, त्या पडद्यातूनही नव्हे. माझ्या पायाच्या तळव्यातून येत होता तो. प्रेसवर बसलेल्या बाईला तो तिथूनच ऐकू येतो.

श्रद्धानं झाकण आपटून लावलं. आवाज थांबला. वास तेवढा भाकरीच्या फडक्यातसुद्धा राहिला.

घाबरले का? घाबरले. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. वाटलं, बघा, एकवीस वर्षं झाली आणि बिचारी अजून तिथंच उभी आहे, कारण तिला कुणी माणसात मोजलंच नाही. ती न्याय मागते आहे, असा मी अर्थ लावला. सगळी कोडी सोडवणारी मी! माझ्यासारखी हुशार दुसरी नाही असं मला वाटत होतं, आणि तिथंच मी चुकले.

बुधवारी निगडीहून चाकणची बस धरली. शेड तीच, पाटी नवी. दुसऱ्या पाळीच्या पोरी गेटवर रांगेत, एकेकजण भिंतीवरच्या यंत्राला चेहरा दाखवून आत. रांगेच्या शेवटच्या पोरीला मी विचारलं, मॅनेजरची केबिन कुठं.

"सरळ जावा आजी, काचेची हाय. कामाला लागायलात का काय ह्या वयात?" पोरगी हसली. तनुजा तिचं नाव. नांदेडकडची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, ठेकेदाराकडून आलेली.

"लागले असते तर तुम्हा सगळ्यांना पळायला लावलं असतं. कुठल्या मशीनवर तू?"

"चौथ्या प्रेसला."

मी तिच्याकडे बघितलं. लांब वेणी, हातात हिरव्या बांगड्या, त्यांच्यावर रबरी हातमोजे चढवत होती. "त्याच्यावर माझी मैत्रीण मेली," मी म्हटलं.

"काय बोलायलात आजी! आठ तास तिथंच बसायचंय मला. भीती नका घालू बरं." आणि गेली आत.

आणि मी? मी केबिनमध्ये गेले. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खुर्चीत अर्जुनराव. तेव्हाचे सुपरवायझर, आता मॅनेजर. इथल्याच जुन्या शेतकऱ्याच्या घरचे. जमीन कंपन्यांना गेली, बदल्यात नोकरी मिळाली. केस पिकलेत, कपाळावरचं गंध तसंच. त्यांनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

"इंदूचं नाव हजेरीत लिहा," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

"कोण इंदू?"

"शिडीवाली. चौथा प्रेस. घासलेटचा बोळा आठवतो का?"

"परभावतीबाई, एकवीस वर्सं झाली. रजिस्टरला न्हाई अशी कुनी. तवाबी नव्हती."

"किती वर्षं झाली ते मी सांगितलं नव्हतं, अर्जुनराव."

त्यांनी पाण्याची बाटली पुढं सरकवली. "आवाज खाली करा. आज कस्टमरची मानसं येनार हायेत. सकाळधरनं साफसफाई चाललीया."

"त्याही दिवशी कस्टमरची माणसं येणार होती. तुमची साफसफाई म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाई खडूनं जीव वाचवायला खूण करते आणि तुम्ही ती पुसून चकाचक दाखवता. हात तुटलेल्या बाईला पाहुणी म्हणून सांगता. घरी जेवताना घास उतरतो का हो?"

मी बोलत गेले. एकवीस वर्षांचं साठलेलं होतं, ते थांबतंय कशाला. काचेपलीकडे शेड चालू होती. बोलता बोलता माझ्या पायाच्या तळव्यांना कळलं.

धप्प. धप्प. धप्प. धप्प-धप्प.

मी मधेच थांबले. अर्जुनरावांना वाटलं, दमली म्हातारी. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाई सुटताना खूण करते ती कुणासाठी? मागच्यांकडं गाऱ्हाणं करायला नाही. पुढचीसाठी! कधीच दुसऱ्या कशासाठी केली नाही आम्ही. चार टिंबं, दोन रेघा, पंजा, दुसरी पाळी. इंदू न्याय मागत नव्हती. ती पाळी देत होती. आणि मी, जिनं त्या खुणा बनवल्या, तीच मी अक्षर न् अक्षर लावून निरोप विसरले होते. पुन्हा वीस मिनिटं उशीर केला होता.

गुडघे विसरून धावले. कुणीतरी "ओ मावशी, बूट घाला, आत बूट लागतात," म्हणून ओरडलं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर तनुजा बसलेली, मान खाली, दाबलेला पत्रा काढायला उजवा हात डायमध्ये. हात आत गेला की प्रेस थांबवणारा डोळा असतो बाजूला. त्याच्यावर काळी चिकटपट्टी मारलेली, काम भरभर व्हावं म्हणून. प्रेस नुकताच एकदा पडून वर गेला होता. तिचा पाय पायडलवर नव्हता. मी बघितलं, नव्हता.

ओरडून उपयोग नव्हता. मी तिची वेणी धरली आणि सगळ्या अंगानं मागं ओढली.

दोघी जमिनीवर. वर प्रेस रिकाम्या डायवर पडला. रबरी मोजा आत राहिला होता, त्याची पापडी झाली.

"ए म्हातारे..." तनुजा म्हणाली, मग तिनं मोज्याकडे बघितलं आणि स्वतःचा हात छातीशी घट्ट धरून ठेवला. म्हणाली, "आजी... वेणी सोडा ना."

कुणीतरी मेन स्विच पाडला. एकेक करून सगळे प्रेस थांबले. अर्जुनराव धापा टाकत आले आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "पोरीचा हलगर्जीपना. मोबाईल बघत आसंल."

मी उठले. डोळ्यावरची ती काळी पट्टी सोलून काढली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली. "आता कस्टमरला दाखवा. साहेबांचा डोळा कुठं झाकलाय ते कळू दे." पोरी हसल्या नाहीत. पण एकीनंही मान खाली घातली नाही.

तेवढ्यात लक्षात आलं. वीज जाऊन पाच-सात मिनिटं झाली होती, बाकीच्यांची चाकं केव्हाच थांबली होती, पण चौथ्याच्या मागचं मोठं चाक फिरतच होतं. सावकाश. घरघर न करता. कुणाची तरी वाट बघितल्यासारखं. फिटरचा एक हात त्याच्याकडे गेला, तो तसाच मागं आला.

खिडकीच्या कट्ट्यावर मार्किंगचा खडू पडला होता. तो घेतला. बगलेच्या पत्र्यावर काहीच नव्हतं, सकाळीच पुसलेला. पण जागा मला माहीत होती. माझ्या खांद्याच्या जरा खाली, इंदू बुटकी होती. तिथं मी गोल काढला.

"वाचलं गं," मी म्हटलं. "उशीर झाला. जा आता तू... घरी जा."

गोलाची दोन टोकं जुळली तसं चाक थांबलं. आधी मंद झालं नाही. थांबलं. शेडमध्ये इतकी शांतता पडली की बाहेर महामार्गावरचे ट्रक ऐकू आले. आणि ऑईलचा तो वास असा सरला, जसं कुणी दार उघडून बाहेर गेलं असावं.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. इंदू सुटली, पोरीचा हात वाचला, मी दोन शिव्या जास्त हासडून घरी आले असते.

पण तनुजा हाताला धरून म्हणाली, "आजी, तसलंच खडूनं काढलेलं तिकडंबी हाय एक. आत येताना बघितलं मी. मला वाटलं, कंपनीनंच काहीतरी लिहिलंय."

शेडच्या टोकाला तेरावा प्रेस होता. नवा कोरा. आठ दिवसांपूर्वी ट्रेलरवरून उतरवलेला, जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वरून बनवणाऱ्या कंपनीच्या पट्ट्या आणि शिशाचं सील. अजून वीज जोडलेली नाही. एक भागही त्याच्यावर निघालेला नाही.

प्लास्टिकच्या आत, बगलेच्या पत्र्यावर, खडूच्या खुणा होत्या. दोन आडव्या रेघा. पंजा, त्यावर फुली. उगवता सूर्य, म्हणजे पहिली पाळी. ताज्या. खडूची भुकटी खालच्या कडेवर पडलेली दिसत होती. आणि सही होती, एक छत्री. उघडलेली, दांडा वाकडा.

छत्री आमच्यात कुणाचीच नव्हती. अकरा वर्षांतल्या सगळ्या बायांच्या सह्या मला पाठ आहेत. मी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक पोरीला विचारलं, छत्री कुणाची गं? एकीलाही खुणांची पद्धतच माहीत नव्हती. सील मी स्वतः तपासलं. चिरा नाही, फट नाही.

"हे फाडा," मी अर्जुनरावांना म्हटलं.

त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता, पण मुजोरी तेवढीच. "न्हाई फाडता येत. कंपनीचा इंजिनेर आल्याबिगर सील तोडलं तर गॅरंटी जाती."

"कधी सुरू होणार हा?"

"सोमवारी. पयल्या पाळीला."

"ह्याच्यावर कोण बसणार?"

ते प्लास्टिककडे बघत राहिले. "ठेकेदार नव्या पोरी आननार हाय. अजून आल्या न्हाईत त्या... गावाकडनं निघायच्या हायेत."

मी खडू पुढं केला. सहीसकट सगळ्या खुणा आत बसतील असा मोठा गोल काढायला लागले. प्लास्टिकवर खडू उमटत नाही. तीनदा काढला, दाबून काढला, थुंकी लावून काढला. हात सरकत राहिला आणि खडू झिजून माझ्या बोटांवर संपला.

आज शनिवार आहे. काल श्रद्धाला घेऊन दोन सरकारी ऑफिसं पालथी घातली. एका ठिकाणी म्हणाले, अपघात झाल्यावर या. मी त्या साहेबाला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. ठेकेदाराचा नंबर तनुजानं काढून दिला. आत्ताच फोन केला होता. म्हटलं, त्या पोरींची नावं सांग, कुठून निघाल्यात ते सांग.

तो बस स्टँडवरच होता. म्हणाला, "मावशी, नावं कशाला लागतात? चार आहेत. रात्रीच्या गाडीत बसल्यात." मग मागं वळून कुणाला तरी ओरडला, पुण्याकडं पाऊस आहे का रे. आणि मला म्हणाला, "तिघी बसल्यात. चौथी बसमधून उतरून परत घरी पळाली होती, काहीतरी विसरलं म्हणून. आली बघा आता... हातात घेऊन."

मी विचारलं, काय घेऊन. फोन कट झाला होता.